वडनेर ते वर्धा, पाण्याच्या थरावरून

बाहेरगावचे लोक वर्धा जिल्ह्यात बहुधा आश्रम पाहण्यासाठी जातात. मी गेले ती एका मोटारीची चाके पाहण्यासाठी.

टायर आणि रस्ता यांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर शिरला की त्या थरात दाब कसा निर्माण होतो, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. पुण्यातल्या प्रयोगशाळेत मी काचेच्या ओल्या पट्टीवर रबराचे चाक फिरवते आणि खालून त्याची छायाचित्रे घेते. वेग कमी असतो तेव्हा चाकाचा ठसा काचेवर स्पष्ट उमटतो. वेग वाढवत नेला की ठशाच्या पुढच्या कडेने पाणी आत घुसते, ठसा लहान होत जातो आणि एका क्षणी नाहीसा होतो. चाक फिरत असते, पण काचेला टेकलेले नसते. मोटारीच्या बाबतीत हे घडले की चालकाच्या हातात उरते ते फक्त स्टेअरिंगचे वर्तुळ. गाडी त्याच्या ताब्यात नसते.

मावसभाऊ निनाद याला माझ्या विषयाची एवढीच माहिती होती की मी ‘गाड्यांचं काहीतरी’ शिकते. जुलै महिन्यात त्याच्या आईच्या हातून पावसात गाडी घसरली. शालिनीमावशी हिंगणघाटच्या एका शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. ती आणि मावसाजी वडनेरला राहतात, तिथे त्यांचे बी-बियाण्यांचे दुकान आणि थोडी शेती आहे. मावसाजींची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वर्ध्याला जावे लागते आणि मावशीच गाडी चालवत त्यांना नेत असे. घसरलेली गाडी अर्धवर्तुळ फिरून दुभाजकाच्या गवतात थांबली. कोणालाही लागले नाही, पण त्यानंतर मावशीने किल्लीला हात लावला नाही. भाड्याचा चालक आला. आणि निनादने निर्णय कळवला की पोळा झाला की दोघांनी पुण्याला त्याच्याकडे कायमचे राहायला यावे.

“आई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,” तो फोनवर म्हणाला. “तू जा. तिला शास्त्रीय भाषेत सांग की या वयात तिनं पावसात गाडी चालवणं धोक्याचं आहे. तुझं ती ऐकेल.”

मी होकार दिला. त्यात मायेइतकाच स्वार्थ होता. काचेच्या पट्टीवरचे पाणी मी पुष्कळ मोजले होते. खऱ्या महामार्गावर, खऱ्या पावसात ते कसे साचते हे मोजण्याची संधी मला सोडायची नव्हती. दाबमापक, टायरवरच्या चरांची खोली मोजण्याची पट्टी आणि पोलादी मोजपट्टी मी कपड्यांच्या आधी बॅगेत भरली.

केळझर

मी नागपूरला उतरले तो दिवस डायलिसिसचा होता. चालक सुधाकरभाऊ सकाळी दोघांना वर्ध्याच्या रुग्णालयात सोडून मावसाजींची गाडी घेऊन मला न्यायला आले होते. पन्नाशीचे, कपाळाला गंध, बोलण्यात वऱ्हाडी आणि हिंदी यांची सरमिसळ.

नागपूर मागे पडले आणि पाऊस सुरू झाला. केळझरच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची झाडे येतात. सागाच्या रुंद पानांवरून गळणारा पाऊस मोठ्या थेंबांनी पडतो, आणि जंगलातून वाहून आलेला पाचोळा रस्त्याच्या कडेला अडकून पाणी तुंबवतो. सुधाकरभाऊंनी वेग जराही कमी केला नव्हता. एका लांब सरळ पट्ट्यावर त्यांनी डावा हात स्टेअरिंगवरून उचलला आणि उजव्या हाताचे एक बोट तेवढे टेकवून ठेवले.

“पाहा ताई. एकदम मक्खन. एका बोटानं फिरून राह्यली.”

मी घाईने म्हणाले, “भाऊ, वेग कमी करा. ब्रेक लावू नका, फक्त पाय उचला. स्टेअरिंग हलकं लागतंय, कारण पुढची चाकं रस्त्याला धड टेकलेली नाहीत.”

“टेकली नाईत? मंग गाडी चालून कशी राह्यली?”

“आधीच्या वेगावर. पाण्यावर तरंगतेय.”

“म्हनजे चालूनच राह्यली ना!” ते हसले, पण पाय त्यांनी उचलला. थोड्या वेळाने टायरांचा आवाज बदलला, पाणी कापल्याचा सरसराट परत आला आणि त्यांनी दुसरा हातही स्टेअरिंगवर ठेवला. “आता भारी झाली पाहा. हे जड चालनं चांगलं म्हनता तुमी?”

“हे जड चालणं म्हणजे रस्ता हाताला लागणं.”

त्यांना हे पटलेले दिसले नाही. मात्र केळझरच्या गणपतीपाशी त्यांनी न विचारता गाडी थांबवली. “याच्या पाया पडल्याबिगर मी पुढं जात नाई. तुमी मानता का नाई मानता, तुमचं तुमी पाहा.” मी पायऱ्या चढले. टेकडीवरून खालचा प्रदेश धुऊन काढल्यासारखा दिसत होता: मधूनच जंगलाचा गडद पट्टा, मग कपाशीचा फिका हिरवा, मग सोयाबीनचा दाट. मूर्तीसमोर सुधाकरभाऊ डोळे मिटून बराच वेळ उभे होते. वेगाच्या बाबतीत एवढा बेफिकीर माणूस निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर इतका सावध का असतो, याचा मी विचार करत राहिले. धोका आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते. तो कुठे आहे, याबद्दलच आमचे मतभेद होते.

खाली टपरीवर आम्ही आलुबोंडा खाल्ला. पुण्यात ज्याला आम्ही बटाटावडा म्हणतो त्याचा हा थोरला, तिखट भाऊ. त्यावर लाल तर्री ओतून देतात आणि वरून ‘सांबार’, म्हणजे चिरलेली कोथिंबीर, भुरभुरतात. डोळ्यांत पाणी आले. टपरीवाला समाधानाने म्हणाला, “पुन्यावून आल्या वाटते.”

हिंगणघाट

वर्ध्याला मावसाजींना गाडीत बसवताना ते किती हलके झाले आहेत हे मला जाणवले. डायलिसिसनंतर माणूस पिळून वाळत घातलेल्या कापडासारखा होतो. मागच्या सीटवर उशीला टेकून त्यांनी माझ्याकडे पाहिले. “आली का शास्त्रज्ञ? अवं शालिनी, हिले गोरसपाक दे. पोट्टी वाळून गेली.”

मावशीने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून दिला. वर्ध्याचा गोरसपाक तुपाने इतका भरलेला असतो की तो चावावा लागत नाही, फक्त तोंडात ठेवायचा. पण मावशीचे लक्ष डब्यात नव्हते. गाडी सुरू होताच तिने दाराच्या वरची मूठ पकडली आणि ती हिंगणघाट आले तरी सोडली नाही.

हिंगणघाटला वणा नदी गढूळ आणि भरलेली होती. जिनिंगच्या गिरण्या या दिवसांत बंद असतात; मोठमोठी पत्र्याची छपरे पावसात नुसती वाजत होती आणि कुंपणांच्या तारांना मागच्या हंगामातला कापूस भिजून चिकटलेला होता. शहर ओलांडून महामार्गाला लागलो. वडनेर काही अंतरावर राहिले असताना दुभाजकापलीकडच्या, वर्ध्याला जाण्याच्या बाजूकडे बोट दाखवून मावशी म्हणाली, “इथं.”

रस्ता तिथे डावीकडे अगदी थोडा वळतो. एरवी ते वळण माझ्या लक्षातही आले नसते.

“काय झालं होतं ते जसंच्या तसं सांग,” मी म्हणाले. “कारण नको. फक्त क्रम.”

गणिताच्या शिक्षिकेला ही सूचना आवडली असावी. तिने प्रथमच मूठ सोडली. “पाऊस मोठा होता, पण दिसत होतं. पुढं ट्रक होता, त्याच्या मागं मी. ब्रेक मारला नाही. वळवलंही नाही, म्हणजे जेवढं वळण आहे तेवढंच. आधी आवाज बंद झाला. चाकांचा आवाज असतो ना, तो. मग स्टेअरिंग एकदम सैल. मी फिरवतेय आणि गाडी सरळच जातेय. घाबरून आणखी फिरवलं. मग एकदम पकड आली आणि गाडी गर्रकन फिरली.” ती थांबली. “हात म्हातारे झाले, दुसरं काय.”

“हात काऊन म्हातारे होतीन?” मावसाजी डोळे न उघडता म्हणाले. “भाकर तं अजून चंद्रासारखी गोल करतं.”

सुधाकरभाऊ खदखदून हसले. मावशी हसली नाही. मी मात्र मनातल्या मनात चकित झाले होते. तिने जे सांगितले ते माझ्या काचेच्या पट्टीवरच्या प्रयोगाचे तंतोतंत वर्णन होते: आधी आवाज जातो, मग ठसा नाहीसा होतो, आणि उथळ पाण्यात चाक पुन्हा टेकते तेव्हा ते ज्या दिशेला वळलेले असेल त्या दिशेला गाडी भिरकावली जाते. हातांच्या वयाशी याचा संबंध नव्हता. पण मग त्याच वळणावरून, त्याच पावसात, तिच्यापुढचा ट्रक आणि मागून येणाऱ्या साऱ्या गाड्या सरळ कशा गेल्या?

वडनेर

रात्री मावशीने गोळाभात केला. बेसनाचे तिखट गोळे भाताबरोबरच शिजवतात आणि वरून फोडणीचे गरम तेल घेतात. आमच्याकडे भातावर तुपाची धार असते, इथे तेलाची. आणि ती आवरती घेतली तर यजमानाचा अपमान होतो, हे मला उशिरा कळले. मावसाजींच्या पानात मात्र बिनमिठाचा वरणभात होता. पाणीही त्यांना मोजून मिळते. बाहेर पाऊस कोसळत असताना तो माणूस अर्ध्या पेल्याकडे पाहत बसतो, हे दृश्य पाहवत नाही. जेवताना ते उत्साहाने बोलले ते फक्त दुकानाबद्दल. सकाळी दोन तास ते गल्ल्यावर बसतात. कोणत्या जमिनीत कोणते बियाणे चालेल हे विचारायला शेतकरी येतात. मावशी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “तेवढे दोन तास ते पेशंट नसतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना कोण काय विचारणार?”

म्हणजे प्रश्न गाडीचा नव्हता. गाडी चालली तर हे घर चालणार होते.

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली तेव्हा मी छत्री आणि मोजपट्टी घेऊन वळणावर गेले. जड वाहनांच्या चाकांखाली डांबर दबून दोन चर पडले होते आणि त्यांत पाणी साचून राहिले होते. कडेला उभी राहून मी वाहने जाण्याची वाट पाहायची, मोकळीक मिळाली की खोली मोजायची. सायकलवरून जाणारे एक आजोबा थांबले.

“रोड मोजून राह्यली का बाई? अजून रुंद होनार का?”

“नाही आजोबा, पाणी मोजतेय.”

“पानी?” त्यांनी आधी माझ्याकडे, मग मोजपट्टीकडे पाहिले. “पानी कायले मोजतं? खरं सांग. माझं वावर तं नाई जात ना?”

त्यांचे वावर सुरक्षित आहे याची खात्री पटवण्यात माझा बराच वेळ गेला. मोजमापातून निष्पन्न झाले ते एवढेच, की चरांमधले पाणी त्रासदायक होते, पण धडधाकट टायरने, बेताच्या वेगाने ओलांडता यावे इतपतच. रस्ता एकटा दोषी नव्हता.

घरी येऊन मी गाडीकडे वळले. टायर जवळजवळ नवे होते. चर खोल, कडा तीक्ष्ण. आता दाबमापक लावले. पहिल्या चाकातली हवा असायला हवी त्यापेक्षा पुष्कळ कमी. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. चौथे मोजताना मला उत्तर आधीच माहीत होते. चारही चाके सारखीच उतरलेली होती. हवा आपोआप गळते तेव्हा ती चार चाकांतून एकसारखी गळत नाही. कोणीतरी ती मोजूनमापून सोडली होती. केळझरपाशी गाडी इतकी सहज का तरंगली, तेही कळले. दोष एकट्या सुधाकरभाऊंच्या पायाचा नव्हता.

मी महामार्गावरच्या टायरच्या दुकानात विचारले. दुकानदार हातातले काम न थांबवता म्हणाला, “पावसाळ्यात सगळेच कमी करते ना मॅडम. वावरात गाडी फसू नाई म्हनून. उन्हाळ्यात गरमीनं फुटू नाई म्हनून.”

“मग भरता कधी?”

“दिवाळीले. पुन्या-मुंबईवून पोट्टे येते, ते म्हनते बाबा हवा कमी हाय, अन् भरून घेते.”

मावसाजी गल्ल्यावर होते. मी विचारले तेव्हा त्यांनी काहीही लपवले नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती. “मीच उतरवतो. किल्लीचं टोक लावलं का सुस्स. वर्ध्याले जायच्या आदल्या दिवशी दाबून पाह्यतो, टणक लागलं का सोडतो. चाक पसरते, रोडले चांगलं धरते. तिले गाडी चालवाले तरास नाई झाला पाहिजे. माझ्याच पायी तं जाते बिचारी.”

त्यांचे म्हणणे निराधार आहे असे मानण्याइतकी मी उतावळी नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी शेताकडच्या पांदणीवर, म्हणजे मातीच्या गाडीवाटेवर, मी चालवत आणि ते बाजूला बसून, आम्ही तपासून पाहिले. इथली काळी माती उन्हाळ्यात फुटभर भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते. पुरेशी हवा भरलेली चाके जागच्या जागी फिरत राहिली आणि गाडी रुतली. मावसाजींनी खाली उतरून, दम खात, चारही चाकांची हवा थोडी थोडी सोडली. गाडी हळूहळू बाहेर आली. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू सिद्धता पूर्ण झाली.

आणि पांदणीपुरती ती पूर्ण होतीच. चिखलात चाक बुडू नये म्हणून त्याला पसरावे लागते. महामार्गावर उलटे आहे. तिथे खाली कठीण रस्ता आहे, मध्ये पाणी आहे, आणि चाकाने ते पाणी दाबून बाजूला सारून खालपर्यंत पोहोचायचे असते. हवा कमी असेल तर टायरचा मधला भाग आत दबतो, तिथे पाण्याला जागा मिळते आणि गाडी कमी वेगालाच तरंगू लागते. चिखलात जी मऊपणाची युक्ती तारते, तीच डांबरावर बुडवते. उन्हाळ्याचे कारणही फसवेच आहे. कमी हवेचा टायर अधिक वाकतो आणि म्हणून अधिक तापतो.

पांदणीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली आणि खाली वाकून चाक पाहिले. चर नव्हतेच. काळ्या मातीने ते काठोकाठ भरून गेले होते. हात फिरवला तर नवा टायर जुन्या, गुळगुळीत टायरसारखा लागत होता.

“मावसाजी, त्या दिवशी वर्ध्याला निघण्याआधी तुम्ही कुठे गेला होता?”

“सोयाबीन पाह्यलं अन् इथूनच सरळ…” ते थांबले. त्यांनीही चाकाला हात लावला. पाणी निघून जायला वाट लागते हे शेतकऱ्यांना बियाणे देणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बोटाने त्यांनी एका चरातली माती उकरली. मग म्हणाले, “म्हनजे तिच्या हातची गाडी मी काढून घेतली. अन् ती दीड महिना सोताचे हात पाहून राह्यली.”

“तुम्ही ते तिच्यासाठी केलं होतं.”

“हे मले नको सांगू, बाई. मी तिले सांगतो. तू मधात येजो नको.”

संध्याकाळी त्यांनी सांगितले. मी ओसरीवर होते. शब्द ऐकू येत होते. मला वाटले मावशी चिडेल, किंवा रडेल. मग तिचा शाळेतला आवाज आला. “अहो, माणूस गाडीची हवा सोडतो तर बायकोला एका शब्दानं सांगत नाही? मी रोज भाकरी करताना हात पाहते, थरथरतात की काय म्हणून!” आणि लगेच, “रडू नका. पाणी मोजून मिळतं तुम्हाला, वाया घालवू नका.”

नंतर ती ओसरीवर आली. “आता तू सांग. माझी चूक किती?”

“हवा, माती, रस्त्यातले चर…”

“माझी विचारली.”

“वेग,” मी म्हणाले. “आणि ट्रकच्या फार जवळ होतीस. गाडी तरंगली तेव्हा स्टेअरिंग जास्त फिरवलंस.”

“मार्क दे.”

“असे मार्क देता येत नाहीत, मावशी. सगळी कारणं एकमेकांत गुणली जातात.”

“गुणली जातात ना? मग एखादं जरी शून्य केलं तर गुणाकार शून्य.” ती बोटांवर मोजू लागली. “हवा आणि माती त्यांची. वेग माझा. तो मी शून्याच्या जवळ आणीन.” तिने फोन उचलला आणि सुधाकरभाऊंना सांगितले, “परवा येजो नको.”

वर्ध्याचा रस्ता

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. प्रयोगशाळेत चूक झाली तर चाक पुन्हा फिरवता येते. इथे मी एका आजारी माणसाला आणि त्याच्या बायकोला माझ्या निष्कर्षावर बसवून महामार्गावर नेणार होते. निनादला मी अजून काही कळवले नव्हते.

निघण्याच्या दिवशी महामार्गावरच्या दुकानापर्यंत गाडी मी नेली; तिथे मावशीने चारही चाकांत पूर्ण हवा भरून घेतली आणि आकडा स्वतः वाचून पाहिला. मावसाजींनी खाली बसून तुरीच्या काडीने चरांतली माती कोरून काढली, मी मदतीला वाकले तर म्हणाले, “हे माझं काम हाय.” मग ते मागे बसले, मी पुढे, आणि मावशीने किल्ली फिरवली. तिने एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिले. मग तिने गाडी रस्त्यावर घेतली.

पाऊस मध्यम होता. मी कमीत कमी बोलायचे ठरवले होते. पुढच्या ट्रकच्या चाकांनी पाणी बाजूला सारून दोन काळसर पट्टे मागे सोडले होते. मावशीने आपली चाके त्या पट्ट्यांवर ठेवली आणि मधले अंतर एवढे राखले की दोन वेळा दुसऱ्या गाड्या मध्ये घुसल्या. मागून हॉर्न वाजत होते. एक जीप तर बाजूने जाताना इतका लांब हॉर्न देऊन गेली की मावसाजींनी काचेतून तिला हात दाखवला. “जा बाप्पा, जा. तुले डायलिसिस नाई, आमाले हाय.”

वळण जवळ आले. मावशीने वेग आधीच उतरवला. चरांमध्ये पाणी चकाकत होते. टायरांचा आवाज क्षणभर पातळ झाला, आणि माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर रोवला गेला. मावशीने ब्रेक लावला नाही. तिने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, स्टेअरिंग जसे होते तसेच धरून ठेवले आणि वाट पाहिली. आवाज परत आला. गाडी वळण संपवून सरळ झाली.

हिंगणघाट दिसू लागल्यावर मागून मावसाजी म्हणाले, “गिअर टाकतानी अजून कचकन वाजोतं तू.”

“तुम्ही हवा सोडा, गिअर मी पाहते,” मावशी म्हणाली. आणि मग मात्र दोघेही हसत सुटली.

परतताना

खरी परीक्षा सकाळची नव्हती. डायलिसिस संपवून आम्ही वर्धा सोडले तेव्हा मावसाजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे घरची खाट. हिंगणघाटच्या अलीकडे आभाळ फाटले. वायपर कमाल वेगाने चालत होते आणि तरीही समोर फक्त पांढरा पडदा होता. रस्त्यावर चर, पट्टे, काहीच उरले नव्हते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग पाणी.

मावशीने दिवे लावले, इंडिकेटर दिला आणि गाडी एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली नेऊन उभी केली. इंजिन बंद केले.

“काऊन थांबली?” मावसाजींनी विचारले.

“पाणी आहे.”

“हळू हळू चाल ना. मले लेटाचं हाय.”

“माहीत आहे. तरी नाही.”

ते कण्हले. मावशीने मागे वळून उशी सरळ केली, त्यांच्या पायांवर शाल घातली, पण किल्लीला हात लावला नाही. मला ते कण्हणे सहन होत नव्हते. हळू चालवून कदाचित जमलेही असते. पण पाण्याची खोली दिसत नसताना ‘कदाचित’ हा शब्द किती भरवशाचा, हे सांगणारी कोणतीही मोजपट्टी माझ्या बॅगेत नव्हती. टायरात पुरेशी हवा होती, चर मोकळे होते, वेग शून्याच्या जवळ आणण्याची तिची तयारी होती. आणि तरीही तिने ओळखले होते की या पाण्यापुढे शून्याच्या ‘जवळ’ पुरेसे नाही.

तेवढ्यात निनादचा फोन आला. तो मीच उचलला.

“कुठे आहात? सुधाकर म्हणतो, आज त्याला बोलावलंच नाही. गाडी कोण चालवतंय?”

“तुझी आई.”

“काय? मी तुला कशासाठी पाठवलं होतं?” त्याचा आवाज चढला. “तिकडे पाऊस आहे ना? मला ऐकू येतोय!”

“आहे. म्हणून ती चालवत नाहीये. पंपावर थांबली आहे. तुझे बाबा घरी चल म्हणतायत, तरी ती हलत नाही.” मी गाडीबाहेर पाहिले, महामार्गावरून एकामागून एक गाड्या पाण्याचे पंख उडवत जात होत्या. “निनाद, तू माझं शास्त्रीय मत मागितलं होतंस. ते असं आहे की यांना चालक बदलायची गरज नाही.”

पत्र्यावरचा पाऊस तो ऐकत असावा.

मग त्याने विचारले, “बाबांनी दुपारच्या गोळ्या घेतल्या का?”

तो प्रश्न माझ्यासाठी नव्हता. मी फोन मावशीकडे दिला.

“घेतल्या,” ती म्हणाली. “उघडलं की निघतो. आणि हे पाहा, आम्ही काही तिकडे येत नाही. पोळ्याले तूच येजो इकडे.”

मागच्या सीटवरून, शालीच्या आतून, मावसाजींचा दमलेला आवाज आला. “पाऊस असंन तं थांबत थांबत येजो म्हना.”